कानाच्या मापाचे इन-इअर मॉनिटर: साचा घरच्या किटने घ्यावा की ऑडिओलॉजिस्टकडून?

तुम्ही ऑर्केस्ट्रात गाता, लावणीचे प्रोग्राम करता, आणि ढोलकी तापली की स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, असं लिहिलंय. त्यावर तीन गोष्टी विचारल्यात: कानाच्या मापाचे इन-इअर (कानात घालून स्वतःचा आवाज ऐकायचे इवलेसे स्पीकर) घ्यावेत की रबरी टोप्यांचे साधे चालतील, त्यासाठी लागणारा कानाचा साचा घरपोच येणाऱ्या किटने घ्यावा की ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जावं, आणि साचा घेताना दुखतं का. शेवटचं आधी सांगतो. दुखत नाही. गुदगुल्या होतात आणि लाळ गळते. जास्त लिहायचंय ते मधल्या प्रश्नावर, कारण तिथे माझे मॉनिटरचे २८ हजार पाण्यात जाता जाता वाचलेत.

मी ऑक्टोपॅड वाजवतो, मधूनमधून कोरसला तोंड घालतो. १४ वर्षं स्टेजवर आहे. सुरुवातीची दहाएक वर्षं पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरवर काढली. गायिका म्हणते माझा आवाज वाढव, ढोलकीवाला म्हणतो माझा वाढव, साउंडवाला सगळ्यांचंच वाढवतो, मग शिट्टी वाजते आणि सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात. प्रोग्राम संपवून टेम्पोत बसलं की कानात रातकिडे. सकाळी जायचे म्हणून कधी मनावर घेतलं नाही. एकदा ते दोन दिवस राहिले, तेव्हा घाबरलो.

इन-इअर ही वस्तू मुळात याच कटकटीतून आलीय. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी याने ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले आणि १९९५ मध्ये त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. कानात घालून ऐकण्याचे प्रयोग त्याच्याही आधी झाले होते. पण तुमच्या कामाची गोष्ट अशी की यातले बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे इवलेसे स्पीकर श्रवणयंत्रांच्या धंद्यातून आलेत, आणि साचा घेण्याची पद्धतसुद्धा तिथलीच. गाण्याच्या वस्तूसाठी ऑडिओलॉजिस्टकडे कशाला, असं तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर हेच. आपण त्यांच्या दुकानात आलेले पाहुणे आहोत.

आणि पाहुणे असल्यामुळेच घोळ होतो. माझा झाला तो असा.

पहिल्यांदा मी घराजवळच्या एका श्रवणयंत्राच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी व्यवस्थित, सफाईने साचे घेतले, पण तोंड मिटून आणि आखूड. रोज येणाऱ्या आजी-आजोबांसाठी ते ठीक असेलही. आजोबांना कोरस म्हणायचा नसतो. मॉनिटर बनून आले, घातले, गाणं लावलं, स्वर्ग. तालमीत पहिल्या कोरसला तोंड उघडलं आणि बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, गायब. तोंड मिटलं, बेस हजर. कुणी खोडकर पोरगं बटण दाबत बसल्यासारखं दोन तास चाललं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की साचा दुसऱ्या वळणाच्या अलीकडेच संपतोय, नवा पाठवा.

हे दुसरं वळण म्हणजे काय ते सांगतो. कानाची नळी सरळ नसते, नागमोडी असते. मोठ्या माणसाची साधारण अडीच सेंटिमीटर. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, आतला हाडाचा. जबड्याचा सांधा नळीला अगदी खेटून पुढे आहे. आत्ता करंगळी कानात घाला आणि जांभई दिल्यासारखा जबडा उघडा, नळी हलताना कळेल. तोंड मिटून घेतलेला साचा मिटलेल्या तोंडाच्या कानालाच बसतो. गाणाऱ्या माणसाचा साचा तोंड उघडं ठेवून, दातांत ठोकळा धरून घ्यायचा आणि तो दुसऱ्या वळणाच्या पुढे जायला हवा. तुम्ही वरचा षड्ज लावताना तोंड केवढं उघडता ते आठवा, म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हाला याची गरज किती जास्त आहे ते कळेल.

दुसऱ्या वेळी पुण्यात जिच्याकडे गेलो ती ऑडिओलॉजिस्ट वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे साचे नेहमी घेणारी होती. तिने आधी दुर्बिणीने कानात बघितलं आणि मला परतच पाठवलं. म्हणाली, मळ आहे, आधी कान-नाक-घसावाल्यांकडून काढून या. मी म्हटलं, रोज कापसाचे बड्स फिरवतो की. ती म्हणाली, म्हणूनच. बड्सने मळ निघत नाही, आत ठासला जातो. (कानमैल्याकडे जाऊ का, असं गमतीत विचारलं, तिला ती गंमत आवडली नाही.) चार दिवसांनी पुन्हा गेलो.

मग दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा तिने लुकलुकत्या दिव्याच्या काडीने आत सरकवला. पडद्याला रबर चिकटू नये म्हणून ही भिंत. या क्षणी मला खोकल्याची उबळ आली. कानाच्या नळीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते, काहींना तिथे स्पर्श झाला की खोकला येतो. घाबरायचं नाही. फक्त हात आधी वर करायचा, खोकताना डोकं हलतं. बोळ्यानंतर दातांत ठोकळा. दोन रंगांचं सिलिकॉन कणकेसारखं मळून एकजीव केलं, पिचकारीत भरलं आणि आतून बाहेर भरत आणलं: नळी, मग बाहेरची वाटी, मग वरची घडी. गार लागतं. जग हळूहळू बंद होतं आणि विहिरीत बुडी मारल्यासारखं स्वतःचं हृदय ऐकू यायला लागतं. चार-पाच मिनिटं हलायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. लाळेसाठी रुमाल हातात ठेवा. काढताना तिने आधी कान मागे ओढून हवा शिरू दिली आणि मग वरून सोडवत, फिरवत साचा बाहेर काढला. सरळ खेचला तर आत ओढ बसते आणि ती मात्र दुखते. शेवटी पुन्हा दुर्बीण, आत काही राहिलं नाही ना ते बघायला.

आता त्या घरपोच किटचा विचार करा. यातला बोळा कोण सरकवणार? किती आत गेला ते कोण बघणार? बोळा चुकून तिरका बसला आणि सिलिकॉन पडद्यापर्यंत गेलं तर ते काढायला डॉक्टरच लागतो. मी दोन्ही कानांच्या साच्यांचे मिळून १२०० रुपये दिले. गावागणिक फरक असेल, पण एवढ्या मोठ्या खरेदीत ही रक्कम वाचवायच्या लायकीची नाही. किट नकोच.

जाताना ज्या कंपनीकडून मॉनिटर करून घेणार आहात तिची साच्याची सूचना छापून न्या. ठोकळा किती जाडीचा, तोंड किती उघडं, हे प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं. ऑडिओलॉजिस्टला आधीच फोनवर विचारा की तोंड उघडं ठेवून, दुसऱ्या वळणाच्या पुढचा साचा घेता का. उत्तरात घुटमळ जाणवली तर दुसरा शोधा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारायला लाजू नका. श्रवणयंत्र विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो. तुमच्या साताऱ्याहून पुणं दोन-अडीच तासांवर आहे आणि ही खेप एकदाच करायची असते.

साचा हातात आला की तिथल्या तिथे बघा: नळीचा भाग दोनदा वळलेला दिसतो का, बुडबुड्याचा खड्डा किंवा भेग आहे का, वाटी आणि वरची घडी पूर्ण उतरलीय का. एकही खोट असेल तर त्याच बैठकीत दुसरा घ्यायला सांगा, चांगली ऑडिओलॉजिस्ट स्वतःच घेते. जास्तीचं रबर कापू देऊ नका, कंपनीच्या प्रयोगशाळेला सगळंच लागतं. कडक डबीत ठेवून पाठवा, पाकिटात चेपून नको. पुढे तिकडे साचा स्कॅन होतो आणि बहुतेक ठिकाणी त्यावरून कवच थ्रीडी प्रिंटरवर निघतं. म्हणजे इथे राहिलेली चूक तिकडे अगदी इमानदारीने छापली जाते.

कानाचा पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल, कधी कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग बाकी सगळं. पावसाळ्यात कानात बुरशी होते, खाज सुटत असेल तर तेवढी बरी होऊ द्या.

आणि तिथे गेलाच आहात तर श्रवणचाचणीही करून घ्या. मी केली तर डाव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खळगा निघाला. मोठ्या आवाजाने कान जातो तो बहुधा इथून सुरू होतो, आणि माझ्या डाव्या हाताला दहा वर्षं ड्रमची क्रॅश, म्हणजे मोठी झांज होती. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्या एका लावणीच्या मेडलेत ती संपतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण आज किती शिल्लक आहे ते कागदावर असलेलं बरं.

आता साधे की मापाचे. साध्यांत चांगल्या टोप्या नीट बसल्या तर बरंच काम भागतं, आणि आधी इन-इअर वापरलेच नसतील तर सहा महिने त्यावरच काढा असं मी म्हणेन. सवय होते की नाही ते कळेल. पण घाम आला की टोप्या सरकतात, आणि गाणाऱ्याच्या जबड्याने तर हमखास. मापाचे चांगले बसले की बाहेरचा आवाज २५ डेसिबलच्या आसपास अडतो, त्यामुळे आतला कमी ठेवता येतो. ठेवता येतो म्हणतोय, आपोआप राहत नाही. बॉडीपॅकचं, म्हणजे कमरेला लावायच्या रिसीव्हरच्या डबीचं, बटण आपल्याच हातात असतं, म्हणून त्यातला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय) चालू ठेवा.

गायिका म्हणून दोन गोष्टी पहिल्या दिवशी खटकतील. कान बंद झाल्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमेल, ‘ई’ आणि ‘ऊ’ तर रांजणात तोंड घालून गायल्यासारखे. कवच खोलवर नीट बसलं असेल तर हे कमी होतं, राहिलेलं सवयीने जातं. दुसरं, शिट्ट्या आणि वन्स मोअर ऐकू येणार नाहीत. लावणीत हा खरा तोटा आहे, समोरच्यांचा दंगा हा अर्धा साथीदार असतो. बरेच जण मग एका कानातला काढून टाकतात. ते करू नका. दोन कानांनी ऐकताना जो आवाज पुरतो तो एका कानाला अपुरा वाटतो, मग आपण तो वाढवतो, आणि उघड्या कानावर स्टेज आदळतच असतं. त्यापेक्षा साउंडवाल्याला सांगून प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक तुमच्या मिक्समध्ये थोडासा घ्या.

मॉनिटर आल्यावर लाल ठिपका उजव्या कानाचा, निळा डाव्याचा. घालून तान घ्या, जबडा वाकडातिकडा करा, बेस हलला तर साचा चुकलाय. अर्ध्या तासाने एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर ती जागा आरशात बघून कंपनीला कळवा, स्वतः कानस घेऊन घासू नका. फुकट दुरुस्तीची मुदत ठरलेली असते, ती ऑर्डर देतानाच विचारा आणि पहिले चार-पाच प्रोग्राम त्या मुदतीत येतील असं बघा. मी दुसरे साचे मुदतीत पाठवले म्हणून सुटलो.

साच्याच्या दिवशी कानातलं काहीही घालून जाऊ नका. जड झुमक्यांनी पाळी ओढली जाते. वायर कानावरून मागे जाते, त्यामुळे बुगडी आणि वेल दोन्ही तिला अडतात. आमच्या गायिकेने वेल सोडला, बुगडी चिकटवायची घेतली. नऊवारीवर बॉडीपॅक कुठे लावायचा हा तुमचा पुढचा प्रश्न असणार: पाठीमागे, कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूने, वेगळा पट्टा बांधून. नुसत्या काष्ट्यात खोचला तर दुसऱ्या गिरकीला खाली येतो, हे मी स्टेजवर बघितलंय.