अलिबागजवळ ‘वीजबचतीचा’ नवा बंगला घेताना काय बघावं?
सोलर नंतर, आधी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं, म्हणजे तिथे नवं बांधकाम सहसा करता येत नाही. मग सातबारा, एनए (जमिनीची बिगरशेती परवानगी) आणि महारेरा (बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी) बघा.

घर बघायला भर दुपारी जा, एसी बंद ठेवायला सांगा. पश्चिमेला नुसती काच असेल तर समुद्र छान दिसतो, पण संध्याकाळपर्यंत भट्टी होते. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, रुंद पडवी, समोरासमोर खिडक्या असं आपल्या आजोबांचं घर होतं, तेच बरं!

पॅनेलचा सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जस्तलेपित हवा. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही. सोलर नसेल तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते मिळेलच असं धरून घराचा भाव ठरवू नका.