१६,८०० डॉलरचा नवा फर्नेस की ११५० डॉलरची दुरुस्ती?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी हकीगत थोडक्यात सांगतो. एडिसन, न्यू जर्सीतलं घर. बेसमेंटमध्ये घर तापवणारा, २००८ सालचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा गॅस फर्नेस, त्याच्या वर बसवलेली एसीची कॉइल आणि बाहेर त्याच वर्षीचं कंडेन्सर युनिट. या जानेवारीत फर्नेस तीनदा बंद पडला. टेक्निशियनने फ्लेम सेन्सर साफ केला, पुढच्या खेपेला इग्नायटर बदलला आणि आता इंड्युसर मोटर घरघरते म्हणून ११५० डॉलर सांगितले. 'एवढ्या जुन्या मशीनवर पैसे घालू नका' असं म्हणत त्याने हीटिंग-कूलिंग दोन्ही बदलायचं १६,८०० डॉलरचं कोटेशनही दिलं. ८४ मासिक हप्ते, ९.९९ टक्के व्याज. तुमच्या बचत खात्यात २२,००० डॉलर आहेत, पुण्याच्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांची) ठेव आहे, आणि चार वर्षांनी मुलगी कॉलेजला गेली की घर विकायचा बेत आहे. ठेव मोडू, हप्ते घेऊ, की दुरुस्ती करू, असं तुम्ही विचारता.

हीट एक्स्चेंजर (आगीचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारा फर्नेसमधला पत्रा) शाबूत असेल तर दुरुस्ती करा. तो तडकला असेल तर फर्नेस आजच बदला, पैशाचा हिशोब नंतर. तुमचा सगळा निर्णय या एका तपासणीवर उभा आहे, आणि तुम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये तिचा उल्लेखच नाही.

आधी बिघाड समजून घेऊ, कारण बिघाड न समजता खर्च ठरवणं मला पटत नाही. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी इंड्युसर मोटर फिरते आणि धूर बाहेर ओढू लागते. तो ओढा पुरेसा आहे हे प्रेशर स्विचला कळलं की इग्नायटर लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो. ज्योत लागल्याची खात्री फ्लेम सेन्सर देतो. थोड्या वेळाने घरात हवा ढकलणारा मोठा पंखा सुरू होतो. सेन्सरवर पुटं चढली की बर्नर पेटून काही सेकंदांतच विझतो, आणि असं काही वेळा झालं की कंट्रोल बोर्ड मशीन बंद करून ठेवतो. तुमचा पहिला बिघाड हाच होता. इग्नायटर तर कधी ना कधी जाणारच. आता मोटरचे बेअरिंग झिजलेत. म्हणजे तिन्ही बिघाड सुट्या, बदलता येणाऱ्या भागांचे आहेत. त्यांवरून मशीन संपलं असा निष्कर्ष निघत नाही.

हीट एक्स्चेंजरची गोष्ट वेगळी. आगीचा धूर आणि तुमच्या श्वासाची हवा यांच्यामध्ये तेवढाच एक पत्रा असतो. त्याला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून दुसऱ्या, एचव्हीएसीआरचा (हीटिंग-कूलिंगच्या कामाचा) राज्य परवाना असलेल्या माणसाला बोलवा. आत कॅमेरा घालून फोटो काढायला आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं माप घ्यायला सांगा. तोंडी 'ठीक आहे' किंवा 'गेलाय' दोन्ही नको, फोटो आणि आकडा हवा. मोटरचा भावही त्याच्याकडून घ्या. प्रत्येक मजल्यावर झोपायच्या खोल्यांजवळ चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, हे मात्र आज रात्रीच पाहा.

तडा निघालाच, तर फर्नेसवरचा सिरीयल नंबर घेऊन कंपनीला फोन करा. बऱ्याच कंपन्या हीट एक्स्चेंजरवर २० वर्षांची किंवा त्याहून जास्त वॉरंटी देतात. ती बहुधा मूळ मालकालाच लागू असते आणि मजुरी तिच्यात नसते, पण घर तुम्ही नवं घेतलं होतं, तेव्हा विचारून पाहा.

आता 'नव्या मशीनने बिल वाचेल' या मुद्द्याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या बिलांनुसार हीटिंगचा गॅस वर्षाला साधारण ११०० डॉलरचा आहे. ८० टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेलात तर गॅस सहाव्या हिश्शाने कमी लागेल, म्हणजे अंदाजे १८३ डॉलर. एसीच्या विजेचे फार तर ६०-७० धरा. वर्षाचे अडीचशे, चार वर्षांचे हजार. आणि ८४ हप्त्यांनी घेतलं तर महिना सुमारे २७९ डॉलर पडतात, एकूण २३,४०० च्या आसपास. साडेसहा हजारांहून जास्त नुसतं व्याज, आणि घर विकताना तीन वर्षांचे हप्ते शिल्लक. बचतीसाठी हे मशीन बदलणं तुमच्या बाबतीत अजिबात परवडत नाही. कोटेशनच्या पत्रकात छापलेला ६०० डॉलरचा फेडरल टॅक्स क्रेडिटही धरू नका. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या मशीनला तो मिळत नाही. गॅस कंपनीची सवलत किंवा बिलातून फेडायचं बिनव्याजी कर्ज मिळतं का, हे मात्र कंपनीलाच विचारा.

एसीबद्दल तुम्हाला जरा घाबरवलं गेलंय असं वाटतं. तुमचं युनिट आर-२२ या थंडावा देणाऱ्या वायूवर चालतं. त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत जानेवारी २०२० पासून बंद आहे, पण असलेलं मशीन वापरायला कसलीही बंदी नाही. अडचण गळती झाली की सुरू होते, कारण जुन्या मशीनमधून काढून शुद्ध केलेला वायूच मिळतो आणि तो महाग असतो. आता नवी युनिट आर-४५४बी किंवा आर-३२ या वेगळ्या वायूंवर येतात, त्यामुळे जुनी कॉइल ठेवून बाहेरचं युनिट बदलता येत नाही, दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. तेव्हा प्रश्न एवढाच की आजवर एसीत कधी वायू भरावा लागला का? नसेल, तर त्याला हात लावू नका. दोनदा भरून झाला असेल, आणि फर्नेसही बदलावाच लागणार असेल, तर दोन्ही एकदम करा. कॉइल फर्नेसच्या वरच असल्याने मजुरी दोनदा पडत नाही.

फर्नेस बदलायची वेळ आली तर कोटेशनमध्ये आणखी एक गोष्ट शोधा. ९६ टक्के फर्नेसचा धूर पीव्हीसी पाइपने भिंतीतून बाहेर जातो, चिमणीतून नाही. तुमचा गॅस वॉटर हीटर मग त्या मोठ्या चिमणीवर एकटा उरतो. तेवढ्या धुराने चिमणी नीट तापत नाही आणि आत लायनर (अरुंद नळी) घालावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये नसेल तर तो काम निम्मं झाल्यावर समोर येईल. घराचा उष्णतेचा हिशोब करून मशीनचा आकार ठरवलाय का, तेही विचारा. नुसत्या चौरस फुटांवरून ठरवला तर बहुधा गरजेपेक्षा मोठं मशीन गळ्यात पडतं. टाउनशिपचा (स्थानिक प्रशासनाचा) परमिट हवाच. घर विकताना खरेदीदाराचा वकील तो मागेल.

पैसे कुठून? दुरुस्ती बचत खात्यातून. त्याच खात्यातून १६,८०० काढले तर ५,२०० उरतील, तुमच्या खर्चाने महिनाभरही पुरणार नाहीत. मिस्टरांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असताना मी तिथवर जाऊ देणार नाही. एनआरई ठेव नोव्हेंबरमध्ये पिकतेय, तोवर तिला हात नको. मुदतीआधी मोडली तर व्याजदर उतरतो आणि बऱ्याच बँका वर दंडही लावतात. (त्या व्याजावर भारतात कर नसला तरी इथल्या रिटर्नमध्ये ते दाखवावं लागतं. दाखवताय ना?) तडा निघालाच आणि एसी धड असेल, तर फक्त फर्नेसचं रोख कोटेशन घ्या, बचत खात्यातून निम्मे द्या, उरलेल्यासाठी तुमच्या क्रेडिट युनियनचा (सभासदांच्या पतसंस्थेचा) दर विचारा. डीलरने शून्य टक्के देऊ केलं तर रोखीची किंमत वेगळी मागा. बिनव्याजी हप्त्याचा खर्च पुष्कळदा किमतीतच मिसळलेला असतो.

दुरुस्ती झाली की पुढच्या महिन्यापासून तेच २७९ डॉलर वेगळ्या खात्यात टाका. दोन वर्षांत ६,७०० च्या जवळ जमतील. तेव्हा फर्नेसने मान टाकली तर नव्याचा मोठा भाग तयार असेल, नाहीच टाकली तर पैसे मुलीच्या फीला. आणि ऐन जानेवारीत गारठलेल्या घरात बसून कोटेशन मागू नका. एप्रिलमध्ये तीन ठिकाणची मागवून ठेवा, तेव्हा या लोकांना सवड असते.

दर महिन्याला फिल्टर उजेडासमोर धरून पाहा. तो तुंबला की हिवाळ्यात फर्नेस जास्त तापून बंद पडतो आणि उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. टेक्निशियनला नुसतं दारात बोलावण्याचेच शंभरावर डॉलर जातात, तेही अनेकदा याच कारणासाठी. पुन्हा बंद पडला तर आधी थर्मोस्टॅटची बॅटरी आणि बेसमेंटच्या जिन्यावरचा लाल स्विच बघा. मग फर्नेसच्या छोट्या काचेतून बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. तो कोड टेक्निशियनला फोनवरच सांगा. गॅसचा वास आला तर मात्र काहीही मोजत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

हीट एक्स्चेंजरचे फोटो आणि मोटरचा दुसरा भाव आला की मला पाठवा, आकडे पुन्हा मांडून बघू.