'बघत जा' म्हणणारे उस्ताद

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. सुतारकामाचा आयटीआय केलाय. आठ महिने मिरजेत एका जुन्या तंतुवाद्य कारागिरांकडे जातो. सतार-तानपुऱ्याचे भोपळे घासणं, दांडीला पॉलिश, दुकान झाडणं, एवढंच काम मिळतं. जवारी (तारेचा झंकार) कशी काढायची विचारलं की म्हणतात, 'बघत जा.' मोबाईलवर चित्रण करायलाही नाही म्हणाले. अशानं मी शिकणार कधी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आठ महिने वाया गेलेले नाहीत, हे आधी सांगतो. भोपळा घासताना त्यावर टिचकी मारून ऐकता का? नसाल तर उद्यापासून ऐका. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारा प्रत्येक भोपळा वेगळ्या जाडीचा. कुठे पातळ झालाय हे डोळ्याच्या आधी कानाला कळतं, आणि जवारीला तोच कान लागतो.

इतर वाचकांसाठी थोडं सांगतो. तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, तारा पेलणारी जी रुंद घोडी असते, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत, सुटत राहते. त्यातून तो भरलेला झंकार निघतो. त्या माथ्याला आकार देणं म्हणजे जवारी काढणं. उतार केसभर चुकला की तार मुकी तरी होते, नाहीतर खरखरते.

मी १९८६ साली मिरजेत शिकायला गेलो. आमच्या उस्तादांना सगळे चाचा म्हणायचे. वर्षभर मीही 'कसं करायचं?' विचारत राहिलो आणि 'बघ' एवढंच ऐकत राहिलो. वाटायचं, हे विद्या लपवतायत. मग एकदा टाकून दिलेली झिजकी घोडी त्यांना विचारून घरी नेली, दोन रात्री कानशीनं घासली आणि त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी ती एका पडीक तानपुऱ्यावर चढवली. जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी एक) तार छेडली, तार आणि घोडी यांच्यामधला झंकार जुळवायचा दोरा नखानं गव्हाच्या दाण्याएवढा सरकवला, पुन्हा छेडली. म्हणाले, "नाकात बोलतेय." मग माझं बोट धरून घोडीच्या पुढच्या काठावरून फिरवलं. तिथे कागदाच्या जाडीचा उंचवटा होता. दोन रात्रींत मला तो लागला नव्हता! त्या दिवशी चाचा अर्धा तास बोलत होते. वर्षभरात एवढं बोलले नव्हते.

लपवत ते काहीच नव्हते. 'कसं करायचं' याचं उत्तर त्यांच्या बोटांत होतं, जिभेवर नव्हतं. माझी चूक हातात आली तेव्हा त्यांना शब्द सापडले. म्हणून तुम्हीही टाकाऊ घोडी मागून घ्या. एका वेळी एकाच तारेपुरतं काम करा आणि त्यांच्यापुढे ठेवून विचारा, "इथे काय चुकलं?"

चित्रणाचं मनाला लावून घेऊ नका. तो उंचवटा कॅमेऱ्यात दिसला नसता. शिवाय एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत वाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासून या कलेवर घरं चालली आहेत. ती कला मोबाईलमध्ये भरून द्यायला जीव धजत नाही, हे मी समजू शकतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. पण जवारीचे जाणते हात कमी होत चाललेत याची मला रात्री झोप लागू नये इतकी काळजी वाटते. तुमच्यासारखा मुलगा टिकायला हवा.

एक मात्र स्पष्ट बोलून घ्या. रोज भोपळे घासता, त्याची मजुरी मिळते का, ते पत्रात नाही. मिळत नसेल तर मागा. शिकणं वेगळं, मजुरी वेगळी. तुमच्या उस्तादांना ते पटेल.

आणि घोडी दाखवायची ती संध्याकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर. भर दुपारी रस्त्याच्या गोंगाटात खर्जाची (सर्वांत खालच्या स्वराची) तार नीट ऐकू येत नाही.