युद्धबंदी: सोडायचा की पाळायची?

येमेनवरच्या एका बातमीचं शीर्षक एका वाचकाने पाठवलं आहे: ‘युद्धबंदींच्या सुटकेवर एकमत, युद्धबंदी मात्र लांबणीवर, मानवतावादी संकट गडद’. यातला ‘युद्धबंदी’ एकच शब्द की दोन, लढाई थांबते तेव्हा युद्धबंदी म्हणावं, युद्धविराम म्हणावं की शस्त्रसंधी, आणि ‘मानवतावादी संकट’ हे बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

शब्द दोन आहेत. सुटका होते तो युद्धबंदी आणि लांबणीवर पडते ती युद्धबंदी. एका ओळीत दोघांना शेजारी बसवणाऱ्याला दंड करायला हवा. हिंदीत हा घोळ नाही. तिथे युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक आणि लढाई थांबली की युद्धविराम. मराठीत लढाई थांबण्याला युद्धबंदी म्हणायची रीत जुनी आहे आणि पकडलेल्याला युद्धकैदी हा स्वच्छ शब्द आहे. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी बातमी पाडली की युद्धकैद्याचा युद्धबंदी होतो. बरं, घेतलाच तर तो नीट चालवावा की नाही? कैदी–कैद्यांची, मंत्री–मंत्र्यांची, तसं बंदी–बंद्यांची. ‘युद्धबंदींच्या’ हे रूपच सांगतं की शब्द उचलला आणि व्याकरण तिथेच ठेवून आले.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: कैद अरबी आहे, बंदी संस्कृत, मग संस्कृत शब्द वापरला तर बिघडलं काय? या प्रश्नाची मी वाटच पाहत असतो. कारण हा बंदीसुद्धा संस्कृत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच्या पोटात आहे. त्याच्यातला ‘ध’ हरवला आहे.

संस्कृत धातू बन्ध्. त्याच्यापासून बंधन, बंधू, संबंध, निबंध, आपलं बांधणं आणि शेताचा बांध. सगळीकडे ध ठणठणीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तुरुंगाला बन्धनागार म्हटलं आहे, तिथेही ध आहे. मग बंदी, बंदिवास, बंदिशाळा यांत द कुठून आला? तो इराणातून आला. संस्कृतात जिथे घ, ध, भ हे महाप्राण असतात तिथे इराणी भाषांत ग, द, ब हे अल्पप्राण दिसतात, आणि हा नियम जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखा चोख आहे. आपला भ्राता तिकडचा बिरादर, आपला घर्म तिकडचा गर्म, आपला भार तिकडचा बार. गव्हाच्या पोत्याला आपण बारदान म्हणतो, त्यातला बार म्हणजे हाच भार. तसाच आपला बन्ध तिकडे बंद झाला.

आता याची खरी मौज बघा. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरचा. आपल्या ताब्यातल्या प्रजेला तो ‘मना बंदका’ म्हणतो, म्हणजे माझे बांधलेले, माझे बंदे. आणि अचिना नावाच्या बंडखोराविषयी तो लिहितो की त्याला ‘बस्त’ असा माझ्यापुढे आणला आणि मी त्याला ठार केलं. बस्त म्हणजे बद्ध. एकाच शिलालेखात बंद आणि बस्त दोन्ही! फारसीत हे एकाच क्रियापदाचे दोन अवतार आहेत, वर्तमानाचं अंग बंद आणि भूतकाळाचं बस्त. दोघांना ‘ओ’ने, म्हणजे ‘आणि’ने, जोडलं की बंदोबस्त. म्हणजे पोलीस बंदोबस्त ठेवतात तेव्हा ते संस्कृतात ‘बंध आणि बद्ध’ ठेवत असतात. मला विचाराल तर या एका शब्दासाठी फारसीचे उपकार मानावेत.

संस्कृत कोशात बन्दी सापडतो, मान्य. कोशात असणं हा जन्माचा दाखला नव्हे. इराणी सत्ता गांधारापर्यंत पोचली होती, पकडापकडीचे शब्द फौजांबरोबर येतात, तसा हाही इकडे आला आणि संस्कृताने घरात घेतला, असं माझं ठाम मत आहे. काही जण वन्द् धातूकडे धाव घेतात: कैदी वाकतो, म्हणून बंदी. त्यांना माझा निरोप एवढाच की वन्द्पासून आलेला बंदी वेगळा. तो राजाची स्तुती गाणारा भाट. कैद्याने राजाची स्तुती गायल्याची उदाहरणं असतील, पण त्यावरून व्युत्पत्ती काढत नाहीत.

भाषाशुद्धीवाल्यांचा प्रकार आणखी गमतीचा. लढाई थांबणं या अर्थाच्या युद्धबंदीत फारसी ‘बंदी’ आहे म्हणून ती त्यांना नको, आणि कैदी या अर्थाचा युद्धबंदी मात्र ‘आपला’ म्हणून हवा. दोन्हींतली बंदी एकाच फारसी घरातली आहे. एकीला दारात अडवून दुसऱ्याला ओवाळायचं असेल तर निदान कारण तरी भाषेचं सांगू नये.

आता लढाईच्या बंदीकडे. फारसीत बांधणं आणि मिटणं यांना एकच क्रियापद आहे. दाराला ‘बस्तन’ केलं की ते बंद होतं. माझा लाडका तर्क असा की कडीकोयंड्याच्या आधी दार दोरीनेच बांधत असावेत, म्हणून बांधलेलं तेच मिटलेलं. कुणाला पटो न पटो, मराठीत ‘-बंदी’ हे दोन्ही अर्थ अजून नांदवते. तटबंदी आणि मोर्चेबंदीत काही बांधलं जातं; दारूबंदी, संचारबंदी, टाळेबंदीत काही थांबवलं जातं. युद्धबंदी दुसऱ्या गटातली. नवख्याने मोर्चेबंदीवरून अंदाज बांधला तर तो युद्धबंदीचा अर्थ युद्धाची जमवाजमव असा करील, आणि काही सेनापती तसा करतातही.

येमेनचंच उदाहरण घेतो, कारण त्या शीर्षकाच्या मुळाशी ज्या प्रकारचा करार आहे त्यात हे सगळे ‘बंद’ रांगेने उभे आहेत. १३ डिसेंबर २०१८ रोजी स्वीडनमध्ये, संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत मार्टिन ग्रिफिथ्स यांच्या मध्यस्थीने, येमेनचं सरकार आणि हूती बंडखोर यांच्यात करार झाला. त्याला स्टॉकहोम करार म्हणतात, पण वाटाघाटी झाल्या स्टॉकहोमबाहेर रिम्बो इथे. त्याचे तीन भाग. पहिला हुदैदा शहर आणि हुदैदा, सलीफ, रास इसा ही तीन बंदरं: तिथे युद्धबंदी करायची आणि फौजा मागे घ्यायच्या. दुसरा कैद्यांची अदलाबदल. तिसरा ताइझ शहराविषयीचा, तिथे तेव्हा वर्षानुवर्षांची नाकेबंदी होती. म्हणजे युद्धबंदी पाळा, बंदी सोडा, नाकेबंदीवर बोला. कैद्यांच्या भागात तर बेपत्ता, डांबून ठेवलेले आणि नजरबंद अशा साऱ्यांचा उल्लेख आहे. नजर अरबी, बंद फारसी, आणि माणूस घरातच. (बंदराचीही व्युत्पत्ती याच ‘बंद’पासून लावायचा मोह मला होतो. तो आवरतो.)

करार रखडला तोही शब्दावरच. हुदैदाची सुरक्षा येमेनी कायद्यानुसार ‘स्थानिक सुरक्षा दलां’कडे राहील, असं त्यात लिहिलं होतं. स्थानिक म्हणजे कोण? हूती म्हणाले, आता इथे आहेत ते. सरकार म्हणालं, हूतींनी शहर घेण्याआधी होते ते. मध्यस्थ असे शब्द मुद्दाम मोघम ठेवतात म्हणजे सही होते, आणि नंतर तोच मोघमपणा अंमलाच्या आड येतो. सुरक्षा परिषदेने ठराव २४५१ करून कराराला मान्यता दिली, जानेवारी २०१९ मध्ये ठराव २४५२ने हुदैदासाठी देखरेख पथकही नेमलं. पण ‘स्थानिक’चा अर्थ कोणत्याही ठरावाने ठरला नाही. कैद्यांची पहिली मोठी अदलाबदल, हजारहून अधिक माणसांची, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या विमानांनी झाली ती ऑक्टोबर २०२०मध्ये. कराराला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

कौटिल्याने संधीची व्याख्या दोन शब्दांत केली आहे: ‘पणबन्धः संधिः’. पण म्हणजे अट, अटींनी बांधून घेणं म्हणजे संधी. इथे बघा, ध जागेवर आहे. रखडलेल्या करारांत या समासातलं पूर्वपद तेवढं शिल्लक राहतं, आणि तेही मराठी अर्थाने: सही करतो, पण. माघार घेतो, पण.

एक कायद्याची बारीक गोष्ट, ‘युद्धकैदी’चा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातला युद्धकैद्याचा दर्जा दोन राज्यांमधल्या युद्धाला लागू होतो. त्याच कराराचं ११८वं कलम सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब सोडावं. म्हणजे ती युद्धबंदी झाली की तो युद्धबंदी सुटतो, कलमच दोघांची सांगड घालतं. देशातल्या देशात सरकार आणि बंडखोर लढतात तेव्हा हा दर्जा आपोआप लागत नाही, म्हणून रेड क्रॉस अशा वेळी संघर्षाच्या संदर्भात ताब्यात घेतलेले लोक, अशी लांबण लावतो. तेव्हा येमेनच्या बातमीत नुसतं ‘कैदी’ लिहिलं तर ते सर्वांत अचूक आणि सर्वांत आखूड.

हां, युद्धविराम आणि शस्त्रसंधी राहिलेच. मी असं वाटून घेतो: ठरावीक मुदतीची थांबवाथांबव म्हणजे युद्धविराम, कारण विरामानंतर वाक्य पुढे चालू राहायचं असतं. येमेनमध्ये २ एप्रिल २०२२ला दोन महिन्यांसाठी झाला तो युद्धविराम. दोनदा वाढला आणि २ ऑक्टोबरला मुदत संपली, पुन्हा कागदावर वाढलाच नाही. मुदत न घालता लढाई थांबवली तर युद्धबंदी. सेनापतींनी रीतसर करार करून शस्त्रं थांबवली, राजकीय प्रश्न मात्र तसाच ठेवला, तर शस्त्रसंधी: २७ जुलै १९५३ला पानमुनजोमला कोरियाची झाली ती. तिच्यानंतर यायचा तह अजून आलेला नाही, आणि म्हणूनच तिला तह म्हणायचं नसतं. पहिल्या महायुद्धात शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ची आणि व्हर्सायचा तह २८ जून १९१९चा; मधले साडेसात महिने या दोन शब्दांतलं अंतर दाखवायला पुरेसे आहेत. वृत्तपत्रं चारही शब्द एकाच परिच्छेदात आलटूनपालटून वापरतात, द्विरुक्ती टाळायची म्हणून. द्विरुक्ती परवडली.

‘मानवतावादी संकट’ मात्र चूक. वादी म्हणजे तो वाद मानणारा: समाजवादी पक्ष, वास्तववादी कादंबरी. मानवतावादी मदत चालेल, कारण देणाऱ्याची काही धारणा असू शकते. संकटाला कसली धारणा? ‘मानवी संकट’ लिहिणारे निदान अर्थाचा अनर्थ करत नाहीत, पण ते इतकं सपाट आहे की त्यातून काहीच दिसत नाही. येमेनमध्ये २०१७च्या अखेरीपर्यंत पटकीच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांवर गेला होता, आणि गव्हासाठी देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर, म्हणजे बऱ्याच अंशी त्याच भांडणातल्या बंदरांवर अवलंबून आहे. उपासमार, रोगराई, विस्थापन हे शब्द आपल्याकडे आहेत. बातमीत यांतलं जे असेल ते लिहावं.

तेव्हा ते शीर्षक असं: ‘कैद्यांच्या सुटकेवर एकमत, युद्धबंदी लांबणीवर, उपासमार वाढली’. मूळ शीर्षकापेक्षा आखूडही आहे, त्यामुळे जागेची सबब चालणार नाही.