३० मीटरच्या टेपने एकच बाजू तीन वेळा मोजली, तर तीन वेगळे आकडे का येतात?

तुम्ही लिहिले आहे की उलव्यातील भूखंडाची लांब बाजू तुम्ही व तुमच्या मुलाने ३० मीटरच्या फायबर टेपने तीन वेळा मोजली, ती अनुक्रमे ४२.०६, ४१.९७ आणि ४२.११ मीटर भरली, आणि आता यांपैकी कोणता आकडा खरा धरावा की तिन्हींची सरासरी काढावी, हे तुम्हाला कळत नाही. सरासरी मुळीच काढू नका. मागेपुढे विखुरणाऱ्या बारीक चुका सरासरीने निवळतात. १४ सेंटीमीटरचा फरक ही ढोबळ चूक असते, आणि ढोबळ चुकीची सरासरी काढली की ती नाहीशी होत नाही, फक्त चांगल्या आकड्यातही थोडी कालवली जाते.

एवढे लिहून मी थांबलो असतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून गेला आहात की "मुलाने टेपची कडी नीट धरली नसावी." कडी धरणाऱ्या पोराला दोष देण्याआधी त्याच्या हातात कोणती टेप दिली होती हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मताची किंमत मी पंधरा दिवसांच्या पगाराने मोजलेली आहे.

१९९९ च्या मे महिन्यात मी २१ वर्षांचा होतो. स्थापत्य पदविका नुकतीच हातात आली होती आणि माझे भावोजी खारघरमध्ये ज्या कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर होते, तेथेच त्यांनी मला लाइनआउटच्या, म्हणजे नकाशावरचे बांधकाम जमिनीवर आखून देण्याच्या कामाला लावून घेतले होते. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम टाकून सपाट केलेली जमीन, अर्धवट उभ्या इमारती, आणि सावली हवी असेल तर पाण्याच्या टँकरच्या आडोशाला उभे राहायचे, अशी तेव्हा आमच्या सेक्टरची अवस्था होती. एका भूखंडाची मागची कुंपणभिंत आखायची होती. पुढचे दोन खुंटे काँक्रीटमध्ये पक्के होते, नकाशावर भूखंडाची लांबी ११८.५० मीटर होती, आणि तेवढे अंतर मोजून मागचे दोन खुंटे ठोकायचे, एवढेच काम होते. दुपारचा दीड वाजला होता आणि भावोजींना तीनच्या आत पनवेलला पोहोचायचे होते.

टेप पोलादी होती, ३० मीटरची, भांडारातून काढलेली. तिच्या कडीपाशी दोन पितळी रिव्हेट मारलेले होते आणि रिव्हेटांभोवतीचा पत्रा काळा पडला होता. मागे केव्हातरी ती डंपरच्या चाकाखाली येऊन तोंडाशी तुटली होती, आणि भांडारातल्या माणसाने तुटका तुकडा टाकून देऊन उरलेल्या टेपला कडी पुन्हा बसवून दिली होती. हे भावोजींना ठाऊक होते, कारण नवी टेप मागवण्याऐवजी ती दुरुस्त करून घेण्याची चिठ्ठी त्यांनीच दिली होती. मी विचारले, "भावोजी, दहा कापून धरू का?" दहा कापणे म्हणजे कडी खुंट्यावर न धरता टेपवरची १० सेंटीमीटरची रेघ खुंट्यावरच्या खिळ्याला लावायची आणि पुढच्या टोकाच्या वाचनातून १० वजा करायचे. तोंडाशी टेप तुटलेली असो, कडी वाकलेली असो, १० च्या पुढच्या रेघा जागच्या जागी असतात. पदविकेच्या पहिल्याच वर्षी आम्हाला हे शिकवले होते.

"कापायचं-बिपायचं काही नको, वजा करताना घोळ होतो. कडी धर आणि ओढ," असे उत्तर आले.

मी कडी धरली. उन्हात पडलेल्या टेपची कडी इतकी तापली होती की बोटाला चटका बसला, म्हणून मी खिशातला रुमाल तिच्याभोवती घेतला आणि रुमालासकट ओढून धरली. तीन वेळा पूर्ण ३० मीटर आणि चौथ्यांदा साडेअठ्ठावीस. दुसरी बाजूही तशीच. मागे भूखंडाच्या ६० मीटर रुंदीभर भिंतीचा पाया खणला गेला, त्यात पीसीसी, म्हणजे तळाचा साधा काँक्रीटचा थर, पडली, आणि आठ दिवसांनी मालकाच्या वास्तुविशारदाचा माणूस येऊन मोजून गेला तेव्हा लांबी १२ सेंटीमीटर कमी निघाली. कागदावर १२ सेंटीमीटर क्षुल्लक दिसतात, पण ६० मीटर रुंदीने गुणले की ७ चौरस मीटरांहून अधिक जमीन भिंतीबाहेर राहिली होती, आणि नवी मुंबईत तेव्हाही एवढी जमीन कोणी सोडून देत नव्हते. पीसीसी फोडावी लागली. कंत्राटदाराने कारण विचारले तेव्हा भावोजी माझ्यासमोर म्हणाले, "उन्हाने टेप वाढली, आणि पोराने रुमाल गुंडाळून कडी धरली होती." माझा पंधरा दिवसांचा पगार कापला गेला. बहिणीचे यजमान, त्यांनीच लावून दिलेले काम. मी काय बोलणार होतो?

बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, टेप तापण्याआधी, एका मित्राला घेऊन भांडारातल्या नव्या टेपने तीच बाजू मोजली. ११८.३७ भरली. टेप बनवताना तिची लांबी २० अंश सेल्सिअसला बरोबर धरलेली असते, बहुतेक चांगल्या पोलादी टेपांवर तसे छापलेलेही असते, आणि पहाटेची हवा त्याहून सात-आठ अंश अधिक होती, म्हणून एक सेंटीमीटर मिळवला आणि ११८.३८ धरले. मग जुनी टेप जमिनीवर सरळ ठेवून तिच्या कडीपासून १ मीटरच्या रेघेपर्यंत खिशातल्या छोट्या टेपने मोजले. ९६ सेंटीमीटर.

आता हिशेब पाहा. कडीपासून मोजायचे झाले तर ती टेप ३० मीटरची नव्हतीच, २९.९६ ची होती. चार वेळा कडी लावली म्हणजे चार चोक सोळा सेंटीमीटर अंतर कमी पडले. आता ऊन. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००११५ पट वाढते. मेच्या दुपारी तापलेल्या मुरुमावर पडलेली टेप ५० अंशांना गेली असे धरले, तर ३० अंशांच्या फरकाने प्रत्येक टेपमागे १० मिलिमीटर, म्हणजे ११८ मीटरांत सुमारे ४ सेंटीमीटर. पण वाढलेल्या टेपने खुंटा ठोकला तर तो जवळ येत नाही, लांब जातो! उन्हाने भूखंड कमी झाला नव्हता, उन्हाने तो ४ सेंटीमीटर वाढवून भावोजींची थोडी लाज राखली होती. सोळातून चार गेले, बारा उरले, आणि बाराच कमी पडले होते. राहिला रुमाल, त्याची जाडी एक मिलिमीटर धरली तरी चार वेळा मिळून चार मिलिमीटर, आणि तो कडीच्या बाहेरून नव्हे तर बोट आणि कडी यांच्यामध्ये होता, त्यामुळे तेवढेही नाही.

तापमानाचा मुद्दा मी उगाच उगाळत नाही. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायारेषा, म्हणजे पुढची सारी मोजणी जिच्यावर उभी राहते ती रेषा, मोजली, तेव्हा १०० फुटी पोलादी साखळी तिवयांवर टेकवलेल्या लाकडी पेट्यांत ठेवून, थर्मामीटर लावून मोजणी केली होती. दोनशे वर्षांपूर्वी ऊन टेपला काय करते आणि कोणत्या दिशेने करते हे ज्ञात होते, आणि आमच्या साइटवर १९९९ मध्ये ते सबब म्हणून उलट्या दिशेने वापरले गेले.

आता तुमच्या ४२ मीटरांकडे वळतो. तुमच्या टेपची कडी आधी तपासा, कारण काही टेपांचे शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असते आणि काहींचे टेपवरच आत रेघेने दाखवलेले असते. बाप एक समजतो, मुलगा दुसरे, आणि पहिल्या मोजणीला जे धरले ते तिसऱ्या मोजणीला धरलेले नसते. त्यानंतर तुमच्या ३० मीटरच्या सांध्याकडे, म्हणजे जेथे टेप संपली आणि पुन्हा लावली त्या बिंदूकडे पाहा. तेथे तुम्ही खुंटा ठोकून त्यावर खिळा मारला होता, की दगड ठेवला होता, की पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली होती? हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझा अनुभव असा की लोक जे लिहीत नाहीत तेथेच चूक असते. सांध्याचा बिंदू सरळ रेषेपासून एक मीटर बाजूला गेला, आणि उलव्याच्या रिकाम्या भूखंडांवर झुडूप चुकवताना तो सहज जातो, तर ३० मीटरांच्या तुकड्यात १७ मिलिमीटर आणि १२ मीटरांच्या तुकड्यात ४२ मिलिमीटर असे जवळजवळ ६ सेंटीमीटर आकडा फुगतो. दोन्ही टोकांना काठ्या रोवून, मागच्या काठीवरून पुढची पाहून सांधा ओळीत आणल्याशिवाय टेप उलगडूच नये.

उताराचेही तसेच. ३० मीटरांत एक मीटर चढ असेल तर टेप जमिनीलगत ठेवून आलेला आकडा १७ मिलिमीटर जास्त असतो. म्हणून टेप आडवी धरून, वरच्या टोकाकडून ओळंबा सोडून, पाच-दहा मीटरांच्या पायऱ्यांनी मोजावे. टेप हवेत धरली की तिला झोळ येतो. साधारण २० ग्रॅम प्रति मीटर वजनाची पोलादी टेप ३० मीटर अंतरावर अधांतरी धरून ५ किलोच्या ताणाने ओढली तर झोळामुळे १८ मिलिमीटर जास्त दिसते, आणि ताण दुप्पट केला तर साडेचार. म्हणून मी स्प्रिंगचा काटा लावून ताणतो. ज्यांना हाताच्या अंदाजाने ५ किलो ओळखता येतात असे वाटते, त्यांनी एकदा काट्यावर ओढून पाहावे, दहापैकी आठ जण दोन ते तीन किलोंवर थांबतात.

यातून तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर निघते. वाकडी ओळ, उतार आणि झोळ या तिन्ही चुका आकडा वाढवतात, कमी करत नाहीत. त्यामुळे टेप ठीक असेल आणि कडी प्रत्येक वेळी सारखीच धरली असेल, तर ४१.९७ हा आकडा सत्याच्या अधिक जवळ असण्याची शक्यता आहे. उरलेले अर्धे उत्तर तुम्हाला पुन्हा मोजूनच मिळेल: पोलादी टेप आणा, सकाळी लवकर जा, दहा कापून धरा, आणि एकदा या टोकाकडून व एकदा त्या टोकाकडून मोजा. ४२ मीटरांत जाता-येता फरक एका सेंटीमीटरच्या आत आला नाही, तर तिसऱ्यांदा मोजण्याऐवजी कारण शोधा. फायबर टेप अंगणात कपड्यांची दोरी बांधायला बरी.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. फायबर टेप उन्हाने फारशी वाढत नाही, ती ओढण्याने ताणली जाते आणि जुनी झाली की ताणलेलीच राहते, आणि ताणलेली टेप प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. त्यामुळे वरचा ४१.९७ चा तर्क तुमची टेप किती जुनी आहे यावर अवलंबून आहे. दहा कापताना वजा करायचे विसरले तर १० सेंटीमीटरची नवी चूक होते, आणि तेवढ्यापुरते भावोजींचे म्हणणे बरोबर होते. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर तुमच्या टेपला किंवा माझ्या टेपला काहीही किंमत नाही. भूखंड ज्या प्राधिकरणाने दिला त्याच्याकडून सीमांकन करून घ्या, आणि गावठाणालगतची सातबाऱ्याची जमीन असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून मोजणीच्या नकाशाची क प्रत मिळवा. अशा जमिनीच्या जुन्या टिपणांत, म्हणजे मोजणीच्या नोंदींत, अंतरे ३३ फुटी साखळीत आणि आण्यांत असतात, आणि एक आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग, जवळजवळ ६३ सेंटीमीटर. त्या आकड्यांच्या आधारे शेजाऱ्याशी चार बोटे जमिनीवरून भांडू नका.

आणखी एक कबुली. त्या दुपारी ती छोटी टेप माझ्या खिशातच होती. कडीपासून १ मीटरची रेघ मोजायला मला अर्धे मिनिट पुरले असते आणि मी ते केले नाही.

तुमच्या मुलाला मात्र विचारा की त्याने कडी कोठे धरली होती, रागावून नको. आमच्या घरी आजही गणपतीत सगळे जमले की भावोजी पाहुण्यांना सांगतात, "याच्या हातात टेप देऊ नका हो, रुमालाने धरतो." तुटकी टेप साइट गुंडाळताना भंगारात निघाली होती, ती मी मागून घेतली आणि कळव्याच्या घरी कपाटात ठेवली आहे. गेल्या वर्षी आरतीनंतर मी ती त्यांच्यासमोर जमिनीवर उलगडली, शेजारी छोटी टेप लावली आणि ९६ वर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रिव्हेट नीट पाहिले, "तेव्हा एवढा गंज नव्हता," असे म्हणाले आणि ताईला चहा टाकायला सांगितला.