रात्री एकमेकांना ओलांडायला लागू नये

मागच्या अंकात साध्या मालवाहू व्हॅनची दोघांसाठी कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, कशी करायची यावर लिहिलं होतं आणि प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं खूप आली, सगळी वाचली. त्यातले जे प्रश्न फिरून फिरून आलेत ते इथे घेतेय, काही पत्रं जरा छोटी केलीत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे. जुनी व्हॅन घेतलीये, मागे पूर्ण रिकामी, नुसता पत्रा. यांचं म्हणणं आधी सोलर बसवू, माझं म्हणणं आधी किचन. रोज त्यावरून वाद. सुरुवात नक्की कशापासून करायची?

दोन्ही नको, आधी पलंग. आणि तोही लगेच बांधायचा नाही.

असं करा, रिकाम्या व्हॅनमध्ये नुसती गादी टाका आणि दोन रात्री झोपून बघा, जमलं तर एक रात्र पावसाची. मागच्या दाराशी एक मोठं खोकं ठेवा, ते तुमचं किचन समजा, दुसरं खोकं म्हणजे कपाट. आता बघा रात्री कोण किती वेळा उठतं, कोण कुठल्या कुशीवर झोपतं, वाचायला दिवा कुणाला लागतो, चष्मा कुठे ठेवता. हे सगळं कागदावर लिहा आणि मग मोजपट्टी हातात घ्या. आम्ही हे केलं नव्हतं. आमचा पहिला पलंग आडवा होता, म्हणजे व्हॅनच्या रुंदीत, आणि मी आतल्या बाजूला. रात्री उठायचं तर नवऱ्याच्या अंगावरून गुडघे टेकत जायचं, तो जागा व्हायचा, मग दोघंही तासभर जागे. चौथ्या ट्रिपला मी रात्री पाणी प्यायचंच बंद केलं होतं, म्हणजे विचार करा. शेवटी सगळं उखडून पलंग लांबीला केला.

आडव्या पलंगाचा फायदा खरा आहे हं, व्हॅनच्या लांबीतली अर्धा-पाऊण मीटर जागा वाचते, तिथे किचन आरामात बसतं. पण त्यासाठी आतली रुंदी तुमच्यातल्या उंच माणसापेक्षा किमान हातभर नाही तरी चार बोटं जास्त हवी, आणि व्हॅनच्या भिंती वर जाताना आत झुकतात म्हणून ही रुंदी जमिनीवर मोजायची नाही, गादीच्या उंचीवर मोजायची, आणि इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि प्लायवूड लागल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून ५ ते ८ सेमी अजून जातात ते वेगळंच. लांबीला पलंग केला तर १३० सेमी रुंदीत दोघं नीट मावतात, आणि मुख्य म्हणजे दोघंही पायाकडून उतरू शकतात. एकाने उठलं की दुसऱ्याची झोप मोडत नाही, हे मला बाकी कुठल्याही सामानापेक्षा मोठं सुख वाटतं.

अजून एक. बसल्यावर डोकं छताला लागू नये. मांडी घालून बसलेल्या माणसाला गादीपासून ९५ सेमी तरी लागतात. बुटक्या छताच्या व्हॅनमध्ये आत एकूण १४० सेमीच्या आसपास उंची मिळते, म्हणजे गादीसकट पलंग ४५ सेमीच्या वर गेला की बसता येणार नाही, नुसतं सरपटत आत शिरायचं. खाली जास्त सामान मावावं म्हणून लोक पलंग उंच करतात आणि मग पावसाळी दुपारी दोघं आडवे पडून कंटाळतात. सामान कमी करा, पण बसायची उंची सोडू नका.

गादी एकच मोठी घेऊ नका, दोन अरुंद घ्या, १० ते १२ सेमी जाडीच्या. एकाने कूस बदलली तर दुसरा हलत नाही. पांघरुणंही दोन.

प्रश्न : व्हॅन करून सहा महिने झाले. सकाळी उठलं की आतून पत्र्याला घाम सुटलेला असतो, आणि परवा गादी उचलली तर खालून काळी बुरशी. छत गळत नाहीये, पाइप टाकून तपासलं. पाणी येतंय कुठून?

तुमच्यातूनच येतंय. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून एका रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, आणि बंद व्हॅनमध्ये ती वाफ जाणार कुठे, जिथे गार जागा मिळेल तिथे पाणी होऊन बसते. पत्रा गार, काच गार, आणि गादीची खालची बाजूही गार, कारण तुमच्या अंगाची ऊब वरून आणि खाली थंड फळी. वर गॅसवर स्वयंपाक केलात तर १ किलो गॅस जळताना दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, ते भांड्यातल्या वाफेच्या व्यतिरिक्त.

मग करायचं काय. पहिली गोष्ट, गादीखाली सपाट प्लायवूड असेल तर ते काढा आणि लाकडी पट्ट्या टाका, दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट. फळी काढणं शक्यच नसेल तर तिला मोठ्या ड्रिलने भरपूर भोकं पाडा आणि रोज सकाळी गादी उभी करून ठेवा, पण पट्ट्याच बऱ्या. दुसरी गोष्ट हवा, आणि इथे बहुतेक जण अर्धंच काम करतात, छतात पंखा बसवतात आणि सगळ्या खिडक्या लावून घेतात. पंखा बाहेर टाकणार ती हवा आत कुठून यायची? खाली किंवा दुसऱ्या टोकाला एक खिडकी दोन बोटं उघडी हवीच. थंडीतसुद्धा. हो, थोडं गार वाटेल, त्यावर अजून एक पांघरूण घ्या, पण फट बंद करू नका.

तिसरी गोष्ट इन्सुलेशन. बारीक बंद छिद्रांचा फोम मिळतो तो पत्र्याला थेट, मध्ये हवा न ठेवता, कोपऱ्यापर्यंत दाबून चिकटवायचा. चकचकीत फॉइल नुसतीच पत्र्यावर चिकटवून काही उपयोग नाही, तिच्यासमोर मोकळी हवेची फट असेल तरच ती उष्णता परतवते. आणि व्हॅनच्या ज्या लोखंडी फासळ्या असतात त्या उघड्या ठेवल्यात तर सगळं पाणी त्यांच्यावर जमेल, त्यांनाही झाका.

बुरशी लागलेली गादी मात्र टाकून द्या, ऊन दाखवून वास जाईल पण बुरशी फोमच्या आत राहते, आणि रात्रभर तुमचं नाक तिच्यापासून एका वितेवर असतं.

प्रश्न : बॅटरी किती मोठी घ्यावी? दुकानात एकजण १०० अँपिअर-अवर म्हणतो, दुसरा ४०० म्हणतो. आम्हाला छोटा फ्रिज, पंखा, दिवे, दोन फोन आणि मिसेसचा लॅपटॉप एवढंच. इंडक्शन पण चालेल का?

दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःचा हिशोब करा. सोपा आहे, वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-अवर. १२ व्होल्टचा ४०-४५ लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज दिवसभरात साधारण ४०० वॅट-अवर खातो, उन्हाळ्यात जास्त. पंखा २० वॅटने ८ तास म्हणजे १६०. एलईडी दिवे ४०. फोन ३०. लॅपटॉप ६० वॅटने ३ तास म्हणजे १८०. झाले ८१० वॅट-अवर.

आता लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२.८ व्होल्टने १२८० वॅट-अवर, त्यातले हजारभर निर्धास्त वापरता येतात. तुमचा एक दिवस आरामात निघतो. तीच साधी लेड-अ‍ॅसिड घेतली तर निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, नाहीतर लवकर मरते, म्हणजे हातात येणार ६०० आणि पहाटे फ्रिज बंद. वजनही दुपटीपेक्षा जास्त. त्यामुळे मी तर लिथियमच सांगेन, फक्त एवढं लक्षात ठेवा की ती शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नाही. बॅटरी पलंगाखाली आतच ठेवा, बाहेर टांगू नका.

भरायचं कसं? छतावर २०० वॅटचं पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी ६०० ते ८०० वॅट-अवर देतं, ढग आले की फार कमी, आणि पॅनेलच्या कोपऱ्यावर झाडाची एक फांदी सावली टाकत असेल तरी जोर निम्म्याहून खाली येऊ शकतो. म्हणून गाडी चालताना इंजिनवरून चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावा, ३० अँपिअरचा असला तर तासभर गाडी चालवून साडेतीनशे-चारशे मिळतात. आम्ही सोलरच्या आधी तोच लावला होता आणि पहिलं वर्ष तेवढ्यावर निघालं.

इंडक्शन नको. १५०० वॅटचा इंडक्शन १२ व्होल्टवर १२५ अँपिअर ओढतो, वर इन्व्हर्टरचं नुकसान. त्याला अंगठ्याएवढ्या जाड केबल लागतात, मोठा इन्व्हर्टर लागतो, आणि १०० ची बॅटरी बहुधा तेवढा करंट देणारच नाही.

आणि फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितेच्या आत मुख्य फ्यूज पाहिजेच, आणि त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा, उपकरणावरून नाही. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो. वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, लावा, नाहीतर गाडीच्या थरथरीने पत्र्याची धार वायर हळूहळू कापते आणि आग कुठून लागली हे नंतर कळतही नाही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो पण टॉयलेटचं काय करता?

अजिबात संकोच करू नका, सगळ्यांना हवं असतं आणि कुणी विचारत नाही. आम्ही पलंगाखालच्या खणात छोटं पोर्टेबल टॉयलेट ठेवतो, खालची टाकी वेगळी होते आणि ती फक्त सार्वजनिक शौचालयात किंवा कॅम्पिंगच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची, झाडीत नाही. समोर जाड पडदा लावा आणि ठरवून टाका की एकजण आत असताना दुसरा बाहेर फेरी मारून येईल. वेगळी खोली बांधायला जाऊ नका, जागा फार जाते.

प्रश्न : पाऊस असला की आतच गॅस लावतो. थंडीत थोडा वेळ शेगडी चालू ठेवली तर व्हॅन छान गरम होते. यात काही धोका आहे का?

आहे, आणि मोठा आहे. हे कृपया आजपासून बंद करा.

आम्हीही एकदा केलंय म्हणून सांगते. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या गच्च लावलेल्या, जेवण झाल्यावर बर्नर बारीक करून तसाच ठेवला, १० मिनिटं म्हणून. छान ऊब आली, नवरा पेंगायला लागला, मला वाटलं दिवसभर गाडी चालवून दमलाय. तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म किंचाळला. दार उघडून दोघं पावसात उभे राहिलो, माझं डोकं ठणकत होतं आणि तोपर्यंत ते लक्षातही आलं नव्हतं. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोप आल्यासारखंच वाटतं. अलार्म नसता तर हे उत्तर लिहायला मी नसते.

स्वयंपाक करताना पंखा चालू आणि खिडकी उघडी, पाऊस आत येत असला तरी. उबेसाठी ज्योत कधीच नाही. हीटर हवाच असेल तर जो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर पाइपने बाहेरच सोडतो तसला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला लावा आणि दर महिन्याला बटण दाबून तपासा. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड, तो गळला की खाली साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ, आणि सिलेंडर वेगळ्या बंद कप्प्यात, ज्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक आहे. अग्निशामक दाराजवळ ठेवा, म्हणजे आगीच्या पलीकडे अडकून बसणार नाही.

प्रश्न : आमची व्हॅन आठवडाभर धंद्याला लागते, फक्त सुट्टीत फिरायला. कायमचं फर्निचर करता येणार नाही. मग नाद सोडायचा का?

सोडू नका, उलट तुमचं काम सोपं आहे. ही युक्ती जुनीच आहे, जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोल्क्सवॅगनच्या बसमध्ये बसणारी कॅम्पिंग बॉक्स काढली ती अशीच होती, सुट्टीला आत ठेवायची आणि कामाच्या दिवशी बाहेर काढायची.

तीन खोकी करा, एकच मोठं नको. दोन पलंगाखाली बसणारी आणि एक मागच्या दाराशी किचनचं, तिघांची उंची एकसारखी, म्हणजे वर पट्ट्या पसरून गादी टाकली की पलंग झाला. प्लायवूड १२ मिमीचं पुरे, १८ चं घेऊ नका, आठ बाय चारचा १८ मिमीचा बर्च प्लायचा एक ताव जवळपास ३६ किलो भरतो. प्रत्येक खोकं रिकामं २५ किलोच्या आत राहिलं तर दोघांना उचलून ठेवता येतं, आणि हे मी पाठीच्या काळजीने सांगतेय.

वजन नक्की करा. व्हॅनच्या कागदांवर कमाल वजन लिहिलेलं असतं, सगळं सामान, पाणी, तुम्ही दोघं आत बसून एकदा वजनकाट्यावर जा. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, ते एका कुशीला ठेवलंत तर बॅटरी दुसऱ्या कुशीला. बदल करण्याआधी विमा कंपनीला आणि वाहन नोंदणीच्या ऑफिसला विचारून घ्या, काढता येणाऱ्या सामानाला आणि कायमच्या बदलाला नियम वेगळे असतात. मागे खोक्यावर बसून कुणीही चालत्या गाडीत प्रवास करू नये, बेल्ट असलेली मूळ सीटच वापरा.

खोकी बांधायला व्हॅनच्या जमिनीत माल बांधायच्या लोखंडी कड्या असतात त्याच वापरा, रॅचेटच्या, म्हणजे दांडी हलवून घट्ट करायच्या, पट्ट्याने प्रत्येक खोकं दोन दिशांनी ओढून. पत्र्यात नुसते स्क्रू मारू नका, जोरात ब्रेक लागला तर ते उपटून येतात आणि खोकं सरळ तुमच्या सीटच्या पाठीवर. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासाने गाडी बाजूला घ्या आणि पट्टे हाताने ओढून बघा, सामान बसतं तसे ते थोडे सैल होतातच.