जगातली मोठी वाळवंटं विषुववृत्तावर का नाहीत?

सगळ्यात कडक ऊन विषुववृत्तावर, मग वाळवंट तिथेच हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण वाळवंट उन्हामुळे नाही, पाऊस न पडल्यामुळे होतं. त्या हिशोबाने अंटार्क्टिकाचा बराचसा भागही वाळवंटच!

विषुववृत्ताजवळ तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि धो धो पाऊस पाडून मोकळी होते. ॲमेझॉन आणि काँगोची जंगलं त्यावरच पोसलेली. पाणी गमावलेली ही हवा वरच्या वर ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि दोन्ही गोलार्धांत साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकते त्या मानाने तिच्यातलं बाष्प) घटते, ढग धरतच नाहीत. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग, सगळे याच पट्ट्यांतले.

मंगोलिया-चीनमधलं गोबी मात्र बरंच उत्तरेला आहे. समुद्र लांब, त्यात दक्षिणेला तिबेटचं पठार आणि हिमालय आडवे, मग बाष्प पोचणार कुठून? दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामाची तऱ्हा आणखी न्यारी: पलीकडे अँडीज पर्वत, अलीकडे समुद्रातला थंड हंबोल्ट प्रवाह. थंड पाण्यावरची हवा गार पडते, वर चढतच नाही; म्हणून समुद्र अगदी शेजारी, तरी किनाऱ्यावर दाट धुकं येतं आणि पाऊस जवळपास नाहीच.